होडीच्या तळाला कोणता रंग? समुद्राचा उपाय, धरणात अपाय

वर्धा : समुद्रकिनाऱ्यापासून रेल्वेमार्गाने सुमारे साडेसातशे किलोमीटर दूर असलेल्या वर्धा जिल्ह्यात होडीच्या तळाला लावायच्या रंगाची चर्चा व्हावी, याचे प्रथमदर्शनी नवल वाटेल. परंतु बोर, धाम, निम्न वर्धा यांसारखे जलाशय जिल्ह्यात उभे राहिले आणि पाण्यामागोमाग होडीही आली. मासेमारीचे डोंगे तर पूर्वीपासूनच होते. त्यांच्या जोडीला पूरस्थितीसाठी प्रशासनाच्या फायबरच्या व रबरी बोटी आल्या आणि नौकाविहाराची हौसही वाढली. नाशिकचे गंगापूर धरण किंवा महाबळेश्वरचे वेण्णा सरोवर पाहून आलेल्या वैदर्भीय पर्यटकाला आपल्याही धरणात अशी होडी असावी, असे वाटणे स्वाभाविक आहे.

होडी घेतली की पहिला उन्हाळा संपण्याच्या आत मालकापुढे एक प्रश्न उभा राहतो. पाण्याखालचा भाग हिरवट, बुळबुळीत झालेला असतो. त्याला काय लावावे? नौकांच्या रंगांची बाजारपेठ समुद्रावर पोसलेली असल्यामुळे तिचे ठरलेले उत्तर एकच असते : अँटिफाउलिंग. या रंगाचे काम रूप देणे नसून जीव मारणे हे आहे. त्यातले विष हळूहळू पाण्यात उतरावे, अशीच त्याची रचना असते. मुंबईच्या बंदरात जे आवश्यक, ते वर्धा शहराला पाणी पुरवणाऱ्या धामच्या जलाशयात बहुतेक वेळा अनावश्यक आणि काही प्रमाणात घातकही ठरते. ते का, हे समजून घेण्यासाठी आधी समुद्राकडे पाहावे लागेल.

खाऱ्या पाण्यातील बिऱ्हाडे

कोणतीही वस्तू समुद्रात बुडवली की काही तासांतच तिच्यावर सेंद्रिय द्रव्यांचा आणि जिवाणूंचा पातळ थर चढू लागतो. त्यावर डायाटम नावाची सूक्ष्म शैवाले येतात, मग हिरवे शेवाळ आणि त्यामागून बार्नॅकल, शिंपले व नळीसारखी घरे बांधणारे कृमी. यातील बार्नॅकल हा प्राणी खेकडा आणि कोळंबीच्या कुळातला. अळीच्या अवस्थेत तो जागा शोधत हिंडतो. मनाजोगती जागा सापडली की डोके खाली करून, स्वतःच्या शरीरात तयार झालेल्या सिमेंटने तिथे चिकटतो आणि उरलेले आयुष्य तिथेच काढतो. एकदा चुन्याचे कवच धरले की तो नुसत्या ब्रशने निघत नाही, पत्रीने खरवडावा लागतो. खरवडल्यावरही त्याचे बूड मागे राहतेच.

या बिऱ्हाडांची किंमत इंधनात मोजावी लागते. तळाच्या निम्म्या भागावर जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीचा बुळबुळीत थर असला, तरी जहाजाचे कर्बवायू उत्सर्जन २० ते २५ टक्क्यांनी वाढू शकते, असे आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या पुढाकाराने झालेल्या अभ्यासात आढळले आहे. शिडाच्या होडीला इंधन लागत नाही, पण तिचा वेग जातो. सप्टेंबर २०२२ मध्ये फ्रान्सहून सुरू झालेल्या गोल्डन ग्लोब या एकट्याने करावयाच्या पृथ्वीप्रदक्षिणेच्या शर्यतीत बार्नॅकलनी काही स्पर्धकांच्या नौकांना अक्षरशः जखडून टाकले होते. भारताचे अभिलाष टॉमी यांनी एप्रिल २०२३ मध्ये दुसऱ्या क्रमांकाने पूर्ण केली, ती हीच शर्यत.

कोकणातील मच्छीमारांना हे कुणी शिकवावे लागले नाही. १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात होड्या किनाऱ्यावर ओढल्या जातात, तळ खरवडले जातात आणि नारळी पौर्णिमेच्या आधी त्यांवर नवा हात फिरतो. लाकडी होडीला डांबर, माशाचे तेल किंवा काजूच्या टरफलाचे तेल चोपडण्याची पद्धत जुनी आहे. त्यामागे शेवाळाइतकीच भीती असते ती टेरेडोची. दिसायला अळीसारखा, पण जातीने शिंपल्याच्या कुळातला हा जीव लाकूड आतून पोखरतो आणि बाहेरून त्याचा पत्ताही लागत नाही.

तांब्यापासून कथिलापर्यंत

युरोपीय आरमारांनी यावर तांब्याचा उपाय काढला. १७६१ मध्ये ब्रिटिश आरमाराने ‘अलार्म’ या युद्धनौकेच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकले. शेवाळ आणि टेरेडो दोन्ही दूर राहिले, मात्र एक नवे संकट पुढे आले. खाऱ्या पाण्यात तांब्याच्या सान्निध्यात आलेले लोखंडी खिळे झपाट्याने गंजून गेले. दोन भिन्न धातू खाऱ्या पाण्यात एकत्र आले की त्यांची बॅटरी तयार होते आणि दुबळा धातू झिजतो. अॅल्युमिनियमची होडी असणाऱ्याने हा अडीचशे वर्षांपूर्वीचा धडा आजही विसरू नये. तांबेयुक्त रंग थेट अॅल्युमिनियमवर लावल्यास होडीचा पत्राच खिळ्यांच्या भूमिकेत जातो.

पुढे पत्र्यांची जागा रंगाने घेतली. आजच्या बहुतेक अँटिफाउलिंग रंगांत क्युप्रस ऑक्साइड, म्हणजे तांब्याचे लालसर भस्म असते. मधल्या काळात, १९६० च्या दशकापासून, ट्रायब्युटिल टिन या कथिलाच्या संयुगाचा बोलबाला झाला. हा रंग इतका प्रभावी होता की वर्षानुवर्षे तळ स्वच्छ राहत असे. त्याची दुसरी बाजू फ्रान्सच्या आर्काशाँ उपसागरात दिसली. तिथल्या कालवांची पैदास बसली, कवचे वेडीवाकडी वाढू लागली. काही सागरी गोगलगायींच्या माद्यांना तर नराचे अवयव फुटू लागले. फ्रान्सने १९८२ मध्ये छोट्या नौकांवर या रंगाचे निर्बंध आणले, ब्रिटनने १९८७ मध्ये. त्यानंतर २००१ मध्ये आंतरराष्ट्रीय करार झाला आणि १७ सप्टेंबर २००८ पासून तो अमलात आला. भारत या करारात २०१५ मध्ये सामील झाला. सायब्युट्रिन या आणखी एका शेवाळनाशक रसायनावर २०२३ पासून याच कराराखाली बंदी आली आहे. गोदामात पडून राहिलेला जुना डबा कुणी स्वस्तात देऊ केला, तर त्यावरील घटकांची यादी आधी वाचलेली बरी.

लक्षात घेण्याजोगे असे, की कथिलाचा पहिला फटका बसला तो नौका दाटीने नांगरलेल्या, पाणी फारसे न हलणाऱ्या जागांना. उघड्या समुद्रात विष पातळ होते, खाडीत आणि धक्क्यापाशी ते साचते. अमेरिकेतील सॅन दिएगो येथील शेल्टर आयलंड या हौशी नौकांच्या बंदरात पाण्यातील तांब्याचे प्रमाण इतके वाढले, की ते ७६ टक्क्यांनी कमी करण्याचे बंधन २००५ मध्ये घालावे लागले. त्या तांब्याचा जवळजवळ सारा वाटा नौकांच्या तळाच्या रंगाचा होता.

धरणाचे पाणी वेगळे

आता बोर किंवा धामकडे वळू. गोड्या पाण्यात समुद्री बार्नॅकल नाहीत. टेरेडोही नाही. इथे होडीच्या तळाला धरते ते मुख्यतः शेवाळ आणि बुळबुळीत थर. क्वचित गोड्या पाण्यातील स्पंज किंवा तत्सम जीवांच्या वसाहती आढळतात. बहुतेक थर मऊ ब्रश किंवा गोणपाटाने निघून येतो. आठवडा-पंधरवड्याने होडी काठावर घेऊन धुतली आणि वाळू दिली, तर त्याचा वेगळा बंदोबस्त करण्याची गरज पडत नाही. अमेरिकेतील सरोवरांमध्ये गोड्या पाण्यातही असे रंग वापरण्याचा सल्ला वाचायला मिळतो. तिथे त्याचे एक कारण म्हणजे १९८८ मध्ये ग्रेट लेक्समध्ये आढळलेला आणि नंतर सर्वत्र पसरलेला झेब्रा शिंपला. तो सल्ला उचलून वर्ध्यात आणण्याचे प्रयोजन नाही.

तांबे माशांच्या कल्ल्यांना इजा करते. शैवाले, गोगलगायी आणि पाण्यातील सूक्ष्म जीव तर त्याला अधिकच संवेदनशील असतात, म्हणूनच ते रंगात घातले जाते. ते विघटन होऊन नाहीसे होत नाही, गाळात जाऊन बसते. भारतीय मानक ब्युरोने पिण्याच्या पाण्यात तांब्याचे स्वीकारार्ह प्रमाण लिटरला ०.०५ मिलिग्रॅम ठरवले आहे. पर्यायी स्रोत नसल्यास १.५ मिलिग्रॅमपर्यंत मुभा आहे. एका होडीने धरणाचे पाणी ही मर्यादा ओलांडेल, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. प्रश्न आहे तो दहा-वीस होड्या एकाच धक्क्याला बांधल्या जातात त्या जागेचा, आणि मे महिन्याचा. जलाशय आटतो, काठाचे पाणी गुडघाभर उरते आणि नेमक्या त्याच उथळ भागात माशांची पिले असतात. ज्या सहकारी संस्थेने मत्स्यबीज सोडण्यासाठी पैसे मोजले, तिच्याच पाण्यात होडीच्या हौसेपायी विष झिरपत ठेवण्याचे समर्थन करणे अवघड आहे. बोरचा जलाशय तर व्याघ्र प्रकल्पाच्या परिसरातला. हजारो तळ्यांचा आणि लाखो हौशी नौकांचा देश असलेल्या स्वीडनमध्ये गोड्या पाण्यातील नौकांना असे जीवनाशक रंग लावण्यास परवानगी नाही. तेथील होडीमालक ब्रशवर भागवतात.

खरा शत्रू शेवाळ नव्हे

गोड्या पाण्यातील फायबरच्या होडीला खरा धोका निराळाच आहे आणि त्याकडे सहसा कुणाचे लक्ष जात नाही. फायबरचा वरचा गुळगुळीत थर, ज्याला जेलकोट म्हणतात, तो पूर्णपणे जलाभेद्य नसतो. पाणी त्यातून अत्यंत सावकाश आत शिरते, आतील रेझिनमधील विद्राव्य द्रव्यांशी मिळून दाट द्रावण बनते आणि ते द्रावण आणखी पाणी ओढून घेते. शाळेत शिकवला जाणारा परासरणाचा प्रयोग तो हाच. काही वर्षांनी तळावर फोड येतात. फोडल्यास आंबट, उग्र वासाचा द्रव बाहेर पडतो. बाहेरचे पाणी जितके निर्मळ, तितकी ही ओढ जास्त. म्हणून समुद्रापेक्षा धरणात फोड लवकर येतात आणि कोमट पाणी त्यांना आणखी घाई करते. विदर्भातील उन्हाळ्यात जलाशयाच्या वरच्या थराचे पाणी किती तापते, हे पोहणाऱ्यांना ठाऊक आहे.

या दुखण्यावर तांब्याचा काहीच उपयोग नाही. इथे हवा इपॉक्सीचा जलरोधक लेप. तो विषारी घटक सोडत नाही, फक्त पाण्याची वाट अडवतो. होडी बाराही महिने पाण्यात राहणार असेल, तर रंगाचे सारे पैसे याच लेपावर खर्च करणे शहाणपणाचे. दिवसभर वापरून संध्याकाळी काठावर ओढली जाणारी होडी असेल, तर तेवढीही निकड नाही. मेणाचे पॉलिश आणि धुणे पुरते.

पूरबचावाच्या बोटी वर्षातील बहुतेक काळ गोदामात असतात. त्यांना अँटिफाउलिंग लावणे म्हणजे निव्वळ खर्च. रबरी बोटीवर तर थिनरवर आधारित कोणताही रंग चढवू नये. थिनर रबराला व सांध्याच्या डिंकाला खातो आणि त्याचा प्रत्यय ऐन पुरात यावा, हे कुणालाच परवडणार नाही. पायडलच्या प्लॅस्टिक होड्या ज्या पॉलिथिनच्या असतात, त्याला रंग धरतच नाही, पापुद्रे निघतात. लाकडी डोंग्याला तेल आणि डांबर याहून वेगळे काही शोधण्याची गरज दिसत नाही. फक्त डांबराचा हात देऊन तो पूर्ण वाळल्याखेरीज पाण्यात सोडू नये.

अँटिफाउलिंग लागते ते होडी अलिबागला किंवा मालवणला नेऊन महिनोन्‌महिने पाण्यात ठेवणाऱ्याला. तिथे निवड दोन प्रकारांतून करायची. कठीण रंगाचा थर जागेवर राहतो आणि त्यातील विष झिरपून जाते. तो घासता येतो, वेगवान बोटीला चालतो, पण होडी बाहेर काढून दीर्घकाळ वाळवल्यास त्याचा गुण उतरतो. दुसरा झिजणारा रंग. पाण्याच्या घर्षणाने त्याचा वरचा थर साबणाच्या वडीसारखा झिजतो आणि ताजा थर उघडा पडतो. अधूनमधून ट्रेलरवर चढणाऱ्या होडीला हाच बरा. अॅल्युमिनियमच्या होडीसाठी तांबेविरहित प्रकार घ्यावा. सिलिकॉनचे नवे लेप विष न सोडता तळ निसरडा करतात. ते महाग आहेत आणि होडी नियमित, बऱ्यापैकी वेगाने चालवली तरच चिकटलेले जीव गळून पडतात. धक्क्याला बांधून ठेवलेल्या होडीला त्यांचा लाभ थोडा.

रंगकामाचे वेळापत्रक

वर्ध्यात हे काम करण्याचा उत्तम काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि उन्हातील फायबरचा तळ त्याहूनही तापतो. अशा पृष्ठभागावर रंग पसरण्याआधीच त्यातील थिनर उडून जाते, ब्रशचे ओरखडे तसेच राहतात आणि सुईच्या टोकाएवढी छिद्रे पडतात. हिवाळ्यात अडचण उलटी. पहाटेचे दव तळावर बसलेले असते. पृष्ठभागाचे तापमान दवबिंदूपेक्षा किमान तीन अंशांनी अधिक असावे, हा रंगकामाचा सर्वमान्य नियम आहे. साध्या भाषेत सांगायचे तर ऊन चांगले चढल्यावर काम सुरू करावे आणि दुपार उतरायच्या आत संपवावे. रात्री पारा १० अंशांकडे झुकला की इपॉक्सी मंद वाळते, तेव्हा दोन हातांमधले अंतर वाढवावे. पावसाळ्यात या कामाला हातच लावू नये.

रंगाआधीची तयारी हे खरे काम आहे. नव्या फायबर होडीवर साच्यातून सुटावी म्हणून लावलेले मेण असते. ते काढल्याशिवाय काहीही टिकत नाही. तेलकटपणा काढणाऱ्या द्रवाने पुसून पाणी शिंपडावे. पाणी थेंबांत गोळा न होता सपाट पसरले, तर मेण गेले असे समजावे. जुनी होडी असेल तर तिच्या तळातील ओल जाण्यासाठी काही आठवडे सावलीत वाळवावी लागते. पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने चिकटवून एक दिवस ठेवावा. आतून बाष्प धरले तर इपॉक्सीची घाई करू नये, नाहीतर ओल आत कोंडून फोडांना आपणच निमंत्रण देतो.

मग वॉटर पेपरने पाणी लावून घासावे. इपॉक्सीचे पाच-सहा हात देऊन वाळलेला थर पाव मिलिमीटरच्या आसपास भरावा, अशी अपेक्षा असते. दोन हातांतले अंतर डब्यावर छापलेले असते आणि ते पाळण्यातच अर्धे यश आहे. दोन हातांना दोन वेगळे रंग वापरले, तर कुठे राहून गेले ते लगेच दिसते. रंग किती लागेल याचा अदमास सोपा आहे. पाणरेषेवरची लांबी गुणिले रुंदी अधिक पाण्यातील खोली. पाच मीटर लांब, दोन मीटर रुंद आणि अर्धा मीटर बुडणाऱ्या होडीचे क्षेत्र साडेबारा चौरस मीटर होते. लिटरमागे दहा चौरस मीटर धरल्यास प्रत्येक हाताला सव्वा लिटर.

इंजिनाजवळ बसवलेला, गंज स्वतःवर ओढून घेणारा धातूचा गट्टू रंगवू नये. रंगवला की तो निकामी होतो. समुद्रात हा गट्टू जस्ताचा असतो, गोड्या पाण्यात मात्र मॅग्नेशियमचा लागतो. किनाऱ्यावरून आणलेल्या होडीत ही अदलाबदल अनेकदा राहून जाते.

अशी जुनी समुद्री होडी विकत घेतली असेल, तर तिच्या तळावर जुन्या विषारी रंगाचे थर असण्याची शक्यता गृहीत धरावी. ते कोरडे घासू नयेत. धूळ फुफ्फुसात जाते आणि साधा रुमाल ती अडवत नाही. पाणी लावून, खाली ताडपत्री अंथरून, योग्य मास्क व हातमोजे घालून काम करावे. खरवड गोळा करावी, जाळू नये. हे काम धरणाच्या काठावर तर मुळीच करू नये, कारण पहिल्या पावसात ते सारे पाण्यात उतरते.

होडीबरोबर येणारी दुसरी गोष्ट म्हणजे अनोळखी जीव. मध्य अमेरिकेच्या परिसरातला काळ्या पट्ट्यांचा शिंपला विशाखापट्टणम बंदरात १९६७ मध्ये आढळला, नंतर मुंबईतही पोहोचला. कमी-अधिक खारटपणा तो सहज सोसतो. हाच शिंपला १९९९ मध्ये ऑस्ट्रेलियातील डार्विन शहराच्या हौशी नौकांच्या बंदरात सापडला, तेव्हा प्रशासनाला तेथील पाण्यात क्लोरीन आणि मोरचूद ओतून सारे जीव मारावे लागले. विदर्भातील तलावांना जलपर्णीचा, म्हणजे इथल्या बोलीतील इकॉर्नियाचा, अनुभव पुरेसा आहे आणि तिचा एक तुकडाही नव्या तलावाला पुरतो. त्यामुळे होडी एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात नेताना तळ धुवावा, आतील पाणी जुन्या काठावरच काढावे, दोरखंड, नांगर आणि ट्रेलरची चाके तपासावीत आणि उन्हात काही दिवस सारे कडकडीत वाळवावे. त्यासाठी वर्ध्याचे ऊन फुकट आहे.